राक्षस, चिचोके आणि माझा निःपक्षपातीपणा

आमच्या घरात आजवर खरं मोठं भांडण एकदाच झालं, ते एका राक्षसावरून, आणि त्यात राक्षसाचा काहीही दोष नव्हता.

दोष माझा होता. मी देवरीला शाळेत गणित शिकवतो. माझे सासरे, म्हणजे मामाजी, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आमच्याकडे राहायला आले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, धुळीत फिरायचं नाही. आणि तिकडे त्यांच्या चिचगडला मोहफुलं पडायला लागलेली! जन्मभर वनरक्षक म्हणून जंगल तुडवलेला माणूस घरात बसून पंखा किती वेळ बघणार? रोज सकाळी पिशवी भरून दारात उभे. "सुनंदा, मी जाऊन राहिलो वं." आणि माझी बायको सुनंदा रोज ती पिशवी रिकामी करी. (एकदा गेले असते तर मोह वेचायला वाकलेच असते, आणि डोळा गेला असता. तिला रात्रंदिवस तोच घोर.)

तेवढ्यात आमची मुलगी प्राची परीक्षा आटोपून नागपूरहून आली, ती एक खेळ घेऊन. वीस बाजूंचा फासा, पुढ्यात एकेक कागद, आणि प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, संकटं आणतो आणि शेवटी ज्याचा जसा पराक्रम तसे त्याला अनुभवाचे गुण देतो. गुण साठले की पात्र एक पायरी वर चढतं.

"पप्पा, मार्क द्यायची तुम्हाला आदत आहे. तुम्हीच सूत्रधार बना."

मी छाती फुगवून बसलो. सुनंदा योद्धा झाली, तिचा भाऊ दिनेश जादूगार, प्राची वैद्य आणि मामाजी तिरंदाज. मामाजी इतके रंगले की दुसऱ्या दिवशी पिशवी भरायची विसरले! सुनंदानं त्या आनंदात मला दोनदा चहा दिला.

मग मी गुण वाटले. राक्षस सुनंदानं मारला, तिला शंभर. दिनेशनं त्याची दाढी जाळली, त्याला पन्नास. प्राचीनं जखमा बांधल्या, तिला चाळीस. मामाजींना शून्य.

"मले शून्य काऊन?"

"मामाजी, तुम्ही काही मारलं नाही ना."

"गुहेपाशी वाघाचे पंजे कोणं पाह्यले? मी. तिकडं जाऊ नका, कोणं सांगतलं? मी. समदे जित्ते हायेत ते कोणामुळं?"

"पण वाघ भेटलाच नाही..."

"वाघ भेटला नाही, हाच तर अनुभव होय जवाईबापू! नोकरीभर मी तोच घेतला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी दारात. आत चपलाही भरलेल्या.

सुनंदा माझ्याकडे अशी बघत होती की मी तिथल्या तिथे नवीन गुणपद्धती जाहीर केली. मारण्याला गुण, तसेच युक्तीला दहा, सभ्य वागण्याला पाच, सावधपणाला पंधरा! मामाजी परत बसले. आणि खेळ जागचा हलेना! कारण सावधपणाचे पंधरा मिळवायला मामाजी प्रत्येक झुडपापाशी थांबून पंजे बघू लागले. दिनेश सभ्यतेच्या पाच गुणांसाठी राक्षसाला "या भाऊ, बसा भाऊ, जेवले का?" म्हणू लागला. सुनंदानं तर राक्षसाची तलवार हिसकावून, धुऊन, पुसून परत दिली आणि माझ्याकडे हात पसरला, "लिहा पाच!" दोन तासांत एकही राक्षस मेला नाही. उलट त्याची तब्येत सुधारली.

मग मी चिडलो आणि सगळ्यांना सारखे गुण दिले. नेमका त्या दिवशी दिनेश कोहमाऱ्याला धाब्यावर जेवायला गेलेला, खेळायला आलाच नव्हता; गुण वाटतानाच काय तो हजर झाला.

"अन् दिनेशलेही शंभर?" सुनंदा कडाडली. "मी कुकर बंद करून राक्षस मारला, अन् यानं तिकडं तंदुरी मारली!"

"ताई, मनानं मी इथंच होतो."

"मग मनानंच गुण घे!"

आरडाओरडा ऐकून शेजारीण कुंपणाशी आली. प्राचीनं फासा डब्यात टाकला. "बस झालं. मी नाही खेळत." खेळ मोडला की मामाजी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तोडगा सांगितला तो मामाजींनीच. "आमच्या गावच्या बोडीत, लहान्या तलावात, मासे धरतेत, तई कोणी भांडत नाही. पळसाच्या पानावर सारखे कुढे, म्हंजे वाटे, मांडतेत. जाळं ओढलं त्याले एक, काठावर कपडे राखले त्यालेही एक. ज्यानं जास्त मेहनत केली, त्याले वरून दोन मासे, समद्याईले इचारून. मांडा."

मासे नव्हते, म्हणून गुणांऐवजी सुनंदानं चिचोके आणले. दारच्या पळसाची पानं आली. वाटणारा मी, म्हणून मलाही एक वाटा. गणिताचा मास्तर! दहा-दहा चिचोक्यांचे पाच सुबक ढीग मांडले आणि कौतुकानं पहिलं पान माझ्याकडे ओढलं.

बाकीच्यांचे पुढे आलेले हात हवेतच थांबले.

"जवाईबापू," मामाजी हळूच म्हणाले, "जो वाटते, तो शेवटी उचलते. म्हून तर तो बरोबर वाटते."

मला गोंदिया शहरातल्या माणसाला हे काय ठाऊक! "अहो, सगळे सारखेच आहेत," मी म्हणालो, "मोजा हवं तर."

प्राचीनं मोजले. सगळीकडे दहा. माझ्या पानावर अकरा.

मी शपथा घेतल्या, चष्म्याला दोष दिला, पण सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती आणि दिनेश जमिनीवर लोळत होता. गावी असा माणूस सापडला की त्याला पुन्हा वाटायला बसवत नाहीत. एकमतानं माझं सूत्रधारपद गेलं आणि मामाजींना मिळालं. मला एक हमाल पात्र दिलं, पहिल्या पायरीवरचं, सगळ्यांची तांदळाची पोती वाहणारं.

पण काय सांगू, त्या दिवसापासून पिशवी दारात आली नाही! मामाजी जंगल असं रंगवत की आम्हाला अंगणातल्या पाचोळ्याचीही भीती वाटे. महिना झाला, डोळा लख्ख झाला, डॉक्टर म्हणाले जा. तर मामाजीच म्हणतात, "मोह दरवर्षी पडते. राक्षस अजून जित्ता हाय." सुनंदा खूश, प्राची दर रविवारी नागपूरहून हजर, आणि खरं सांगतो, मीही खूश.

गेल्या रविवारी माझ्या हमालानं सगळ्यांना पुरातून पार नेलं. मामाजींनी सगळ्यांना विचारून मला वरून दोन चिचोके दिले. मी ते मोजले, तीन भरले. माझी लाज कायमची पुसून टाकायची ही संधी! सगळ्यांदेखत, मोठ्या प्रामाणिकपणे, मी एक परत केला.

प्राचीनं माझी मूठ उघडून बघितली. आत एकच उरला होता.