साबूत डोक्याचा माणूस

उखर्डू मापाड्याला वेड लागलंय ही बातमी धुळ्याच्या दाणाबाजारात पसरली, तेव्हा ती सगळ्यात शेवटी कळली खुद्द उखर्डूला. तोवर बिचारा अशा समजात होता की अख्ख्या पश्चिम खानदेशातून शहाणा म्हणून निवडलेला माणूस आपण एकटेच. गंमत म्हणजे त्याचा समज खरा होता आणि बाजाराची बातमी खोटी. पण खऱ्याला बाजारात कोण विचारतो?

झालं होतं असं. साल छत्तीस. मुंबईत शिकून विलायतेत दोन वर्षं काढून आलेले डॉक्टर टिल्लू पांझरेच्या काठी घर भाड्यानं घेऊन राहिले होते. त्यांना नाद एकच, माणसाच्या मेंदूचा. ज्यांना फेफरं येतं त्यांना हडळ धरत नाही, भूत झोंबत नाही, जे काय बिघडतं ते मेंदूत, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्यांनी चाळीस फेफरेकरी जमवले. त्यांच्या गुडघ्यांवर रबरी हातोडी मारून पाहिली, त्यांना आकडे पाठ म्हणायला लावले, मणी ओवायला लावले आणि सगळं जाडजूड वहीत लिहून काढलं. आता ताडून बघायला निरोगी माणसं हवी होती. पण अख्खं गाव ज्याला 'येडास्ना दवाखाना' म्हणे, तिथं निरोगी माणूस पाऊल कशाला टाकेल?

उखर्डू गेला तो डॉक्टरांची वर्षाची ज्वारी मोजायला. वय सव्वीस, अंगानं काटकुळा, आवाज मात्र घंटेसारखा. अंगणात ज्वारीची रास ओतून घेतली, मांडी ठोकली आणि पायली भरत तालात सुरू झाला, "लाभ रे लाभ, लाभ रे लाभ, दोन रे दोन, दोन रे दोन..." मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, एवढं खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. डॉक्टर ओसरीवरून टक लावून बघत राहिले. शेवटची पायली पडली तसे धावत खाली आले आणि त्यांनी त्याचा हातच धरला.

"तुला कधी फेफरं आलंय? चक्कर? भास होतात? घरात कुणाला वेड?"

"नही साहेब. का बरं?"

"तू माझा साबूत माणूस! दर मंगळवारी येशील?"

आयुष्यात कुणी उखर्डूला 'माझा' म्हटलं नव्हतं, त्यातून खुर्चीवर बसवून, आलं घातलेला चहा पाजून तर नाहीच. तो हो म्हणाला. चौथ्या मंगळवारी तर डॉक्टरांचीच पंचाईत झाली. त्यांनी सात आकडे सांगितले, उखर्डूनं डुलत डुलत सातही परत केले. नऊ सांगितले, नऊ परत. चौदा सांगितले, तेही परत. फक्त एक आला की हा लाभ म्हणे. "एक म्हण," डॉक्टर म्हणाले. "लाभ," उखर्डू म्हणाला. जीभ वळेचना, पंधरा वर्षांची सवय. डॉक्टरांनी डाव्या मेंदूबद्दल अर्धं पान खरडलं. शेवटी त्यांच्या स्वयंपाकीणबाईंनी, यशोदाबाईंनी, हसत हसत खुलासा केला तेव्हा ते पान फाडावं लागलं.

मंगळवारी ओसरीवर फेफरेकरी बसलेले असत. उखर्डू त्यांच्यात बसे, तंबाखू चोळे, गप्पा हाणी. एक शाळामास्तर होता, एक शिंपी होता, एक पापडवाली बाई होती. झटका आला की दोन-तीन मिनिटं वाईट जात, नाही असं नाही. एरवी मास्तर हिशेबात चूक काढी आणि शिंपी कापडात चोरी करी, म्हणजे अगदी चारचौघांसारखंच. डॉक्टर सांगत, "अरे, मेंदूच्या एका कोपऱ्यात एकदम कालवा होतो. तुझ्या बाजारात एखादं पोतं फाटलं की सगळे एकदम ओरडतात ना, तसा. थोड्या वेळानं बाजार पुन्हा सुरळीत." उखर्डूला हे चटकन पटलं. पोती फाटताना त्यानं पुष्कळ पाहिली होती.

पण बाजारानं जोडायचं ते जोडलंच. मंगळवारी जातो, खुर्चीवर बसतो, डॉक्टर डोक्याला फीत लावून माप घेतो. मग दुसरं काय असणार?

आणि हे सगळं नेमकं सुपारी फुटल्यावर. पाचोऱ्याजवळच्या झुलालनानांच्या मंजुळेशी उखर्डूचं लग्न ठरलं होतं. तिला त्यानं एकदाच पाहिलं होतं. ती पाणी द्यायला आली आणि तांब्या ठेवताना त्याच्याकडे बघून फिस्सकन हसली. तेव्हापासून गड्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ही गोष्ट मात्र त्यानं डॉक्टरांपासून लपवली, उगाच वहीत जायला नको म्हणून. आता लग्न मोडलं तर आपण जगायचं कशाला, इथपर्यंत त्याची मजल गेली होती.

त्याची आई भागाबाई कपाळ बडवत म्हणाली, "तू तठे कसाले जास? पाचोरापावत बोभाटा व्हई तं लगीन मोडी!"

"माय, मी साबूत शे म्हनीसनच त्यासनी माले बलायं."

"मंग तसं लिखी आन."

उखर्डूनं लिहून आणलं. डॉक्टरांनी सहीनिशी लिहिलं होतं, की उखर्डू याची बुद्धी, स्मरण व मन ही सर्वसाधारण आहेत. कागद वाचून घेतल्यावर भागाबाई जास्तच भडकली. "साधारण? मना आंडोर साधारण?" आणि बाजारात पोती शिवणारा त्याचा दोस्त कादर पोट धरून हसत म्हणाला, "भो, शहाना माणूसले कागद कसाले लागस? मनाकडे शे का? त्या बैलकडे शे का?"

दोन दिवसांनी चाळीसगावच्या गाडीनं झुलालनाना उतरले. निरोप नाही, सांगावा नाही. भागाबाईनं देव पाण्यात घातले. उखर्डूनं ठरवलं की आज असं शहाण्यासारखं वागायचं की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. तो ताठ बसला. प्रत्येक शब्द तोलून बोलला. नानांनी वाटेतल्या उन्हाचं सांगितलं, तर तीनदा मान डोलावली. बसल्या जागी कारण नसताना मंद हसला. खरं सांगायचं तर इतका वेडा तो जन्मात दिसला नव्हता.

नाना त्याला पांझरेवर घेऊन गेले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाले, "पाव्हना, खरं सांगा. तुम्ही त्या डोकाना डॉक्टरकडे जातस का?"

"छे छे नाना! मी तं ती गल्ली बी देखेल नही."

नानांचा चेहरा पार उतरला. ते मटकन दगडावर बसले. "अरे देवा. मी तं त्याच आशावर उनू."

उखर्डूला काही कळेना. मग म्हातारा नदीकडे बघत सगळं बोलून मोकळा झाला. "मनी आंडेरले, मंजुळाले, फेफरं येस. अकरा सालनी व्हती, तवयपाईन. भगत झायात, तापेल लोखंडना डाग झायात, काही फरक नही. तुम्हले सांगं नही, लपाडं. पण ती म्हनस, पाव्हनासले सांगाबिगर मी मांडवमा येवाऊ नही. बाजारमा तुम्हनं नाव आयकं, मन्ह्या जीवमा जीव उना. म्हनं, जवाईच त्या डॉक्टरना वळखीना शे!"

उखर्डूच्या डोक्यात त्या घडीला दहा पोती एकदम फाटली असतील. राग आला, फसवल्याचा. भीती वाटली. लगेच ते फिस्सकन हसणं आठवलं, आणि हसणारीनंच सांगायचा हट्ट धरलाय हेही. मग शाळामास्तर आठवला, शिंपी आठवला. चाळीस जणांना त्यानं जवळून पाहिलं होतं. भिण्यासारखं त्यांच्यात होतं तरी काय?

"नाना, मी खोटं बोलनू. दर मंगळवारले मी तठेच ऱ्हास."

"मंग आधी काबर नही सांगं?"

"तुम्ही लगीन मोडशात म्हनीसन."

"अन् तुम्ही मोडशात म्हनीसन मी!" नाना म्हणाले, आणि दोघं असे काही हसत सुटले की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी बाजाराची बातमी खरीच धरली.

मंगळवारी मंजुळा दवाखान्यात आली. डॉक्टरांनी तिला पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, फेफरं कमी होईल, पुरतं जाईल असं मी म्हणत नाही. भागाबाईला उखर्डूनं काही लपवलं नाही. दोन दिवस तिनं भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी गुडघेदुखीचं निमित्त काढून स्वतःच त्या ओसरीवर जाऊन बसली आणि दुपारी परत आली ती फणफणत. "ती पापडवालीले फेफरं येस म्हने. मन्ह्यापेक्षा पापड चांगला करस ती सटवी!" होकार समजायचा तो याच्यातच समजायचा.

वैशाखात लग्न लागलं. उपास, जागरण, पाहुण्यांचा गलका, त्यात मंजुळेची सकाळची गोळी राहिली. तिसरं मंगलाष्टक संपता संपता आंतरपाटापलीकडे ती धाडकन कोसळली. मांडवात एकच कल्लोळ. कुणी जोडा हुंगवायला धावला, कुणी कांदा फोडला, कुणी हडळ हडळ म्हणून ओरडलं. मुंडावळ्या बांधलेला उखर्डू खाली बसला. त्यानं तिला कुशीवर वळवलं, शेल्याची घडी डोक्याखाली सरकवली आणि राशीवरच्या त्या आवाजात गरजला, "कोन्ही हात लावानं नही! मांगे सरा!" लग्नाला आलेले डॉक्टर खिशातलं घड्याळ काढून शांतपणे मिनिटं मोजत होते.

वराकडची एक आत्या फुत्कारली, "भागाबाई, आंडोरले उठाड, चाल घर!"

"तुले जावानं व्हई तं तू जाय," भागाबाई म्हणाली. "तुना वाटाना लाडू आम्ही खाई लेसूत."

अडीच मिनिटांनी मंजुळेनं डोळे उघडले. वर वाकलेले सगळे चेहरे तिनं पाहिले. "बठ्ठासनी देखं?"

"बठ्ठासनी," उखर्डू म्हणाला.

"अन् लगीन?"

"अर्धं लागनं शे. मी आठेच बठेल शे. तू सांगशी तसं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली, मुंडावळ्या सारख्या केल्या आणि भटजींकडे बघून म्हणाली, "महाराज, आंतरपाट धरा ना."

भटजी कुठं थांबले होते ते घाबरून विसरले होते. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. अक्षता संपल्या होत्या, तेव्हा लोकांनी खाली पडलेल्याच वेचल्या. जोडा घेऊन धावलेला माणूसही जोडा बाजूला टाकून गुडघ्यांवर बसला आणि मूठभर तांदूळ गोळा करून उभा राहिला.