जेवता हात

उझ्माचा राग नाकावर असतो, असं हिंगोलीत तिच्या गल्लीतलं कुणीही सांगेल. नाकावर कुठला, जिभेच्या शेंड्यावर. बाप खाजा मिया बांगड्यांची पेटी घेऊन तांड्या-तांड्यांवर हिंडायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "सब को काच भरता मैं, पर मेरी बेटी लोहे की निकली." बारावीनंतर तिनं कॉम्प्युटरचा क्लास केला आणि हिंगोली जिल्हा झाला त्या सुमारास नव्यानं उघडलेल्या सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर जाऊन बसली. काउंटरवर बसणारी सून नको, असं एका घरानं कळवलं. त्याच्या आदल्या दिवशीच तिनं त्या घराला नको म्हणून कळवलं होतं.

पुढं विमा कंपन्या आल्या. कारखान्याच्या कामगारांचा, त्यांच्या आईबापांचा विमा निघाला आणि उझ्माच्या कपाळी नंबर आले. प्रत्येक तपासणीला कंपनीचा एक नंबर. पोटाचा वेगळा, मानेचा वेगळा. हाताच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर असेल तर एका हाताचा एक, दोन्ही हातांचा दुसरा, आणि एकच असेल तर पुढं डावा की उजवा. डॉक्टरची चिठ्ठी, सेंटरचा रिपोर्ट आणि उझ्माचा नंबर या तिघांचं जमलं तर मंजुरी. नाही जमलं तर शंका निघायची. 'शंका' हा कंपनीचा लाडका शब्द. उझ्मा म्हणायची, "ह्यांची शंका म्हणजे शेजारणीची खाज. आपल्याला न्हाई, पण खाजवायचं आपण."

कुरुंद्याजवळच्या तांड्यावरची धुरपताबाई आली तेव्हा घरोघर हळद शिजत होती. सोबत लेक देविदास आणि वसमतच्या डॉक्टरची चिठ्ठी. तो साखर कारखान्यात कामाला, म्हणून आईचाही विमा. आत न्यायच्या आधी उझ्मानं तिचा कोपरापर्यंतचा पांढरा चुडा साबण लावून हळूहळू उतरवला. धुरपताबाई कळवळली. दुखलं म्हणून नाही, नवरा जिवंत असताना चुडा उतरला म्हणून. चुड्याखालचा डावा हात बर्फासारखा होता आणि बोटांची टोकं निळसर पडली होती.

"कधीपासून हो मावशी?"

"कालपासून थंड पडून राहिला, पोरी. मुंग्या येऊन राहिल्या."

सेंटरच्या डॉक्टरांनी डॉप्लर केला आणि ते स्वतःच बाहेर आले. दंडातल्या मोठ्या धमनीत गाठ अडकली होती. "आजच नांदेडला घेऊन जा. उशीर केला तर हात जाईल," ते देविदासला म्हणाले. रिपोर्टवर डावा, नंबरापुढं डावा. घाईत चिठ्ठी कुणी नीट वाचली नाही. कागद फॅक्सनं कंपनीला गेले आणि मायलेकरं जीप करून नांदेडला.

संध्याकाळी पुण्याहून कंपनीच्या माणसाचा फोन आला. आवाज तुपात घोळलेला. "मॅडम, शंका आहे. वसमतच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उजवा हात आहे. तुमच्या रिपोर्टवर डावा. नक्की कोणता?"

उझ्मानं चिठ्ठी काढून पाहिली. खरंच, उजवा. तिनं नांदेडला देविदासला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मायनं जेवता हात म्हणलं हुतं डॉक्टरला. माय डावरी हाय. ती डाव्यानंच जेवते."

आपल्याकडं जेवता हात म्हणजे उजवा, हे शेंबडं पोरही सांगतं. पण धुरपताबाईच्या तोंडून 'डावा' हा शब्दच कधी निघत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूनं तिला 'डावी' म्हणूनच हाक मारली. पंगतीत तिला टोकाला बसवायची, का तर वाढप्याला अपशकुन नको. ज्या शब्दानं उभा जन्म टोचलं, तो ती डॉक्टरसमोर स्वतःहून कशी उच्चारणार? तिचा जेवता हात होता, तो तिनं जेवता सांगितला. ती खोटं काहीच बोलली नव्हती.

नांदेडच्या हॉस्पिटलनं इंजेक्शनं चालू केली, पण ऑपरेशनला म्हणे मंजुरी आणा, नाहीतर पैसे भरा. आणि हाताची शंका मिटेपर्यंत कंपनी मंजुरी देईना. देविदास पैशासाठी वणवण करायला निघाला. उझ्मानं कंपनीला परत फोन केला. समजावून सांगितलं, मग ओरडून सांगितलं. तिकडून एकच पालुपद, "मॅडम, मूळ चिठ्ठी दुरुस्त करून आणा." सेंटरच्या डॉक्टरांनी हात वर केले. "आपला रिपोर्ट बरोबर आहे. आपण कशाला मधे पडायचं?"

उझ्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळची पहिली एसटी धरून ती वसमतला पोचली. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर टेबलामागं, आणि पेशंटचं स्टूल टेबलापासून चांगलं चार हात लांब. तिथं बसलेल्याचा हात डॉक्टरपर्यंत पोचलाच नसता, आणि त्यासाठीच ते तिथं ठेवलेलं होतं. तांड्यावरच्या माणसांना हा डॉक्टर तिथूनच विचारायचा आणि तिथूनच लिहून द्यायचा. शिकून आला होता, तरी विटाळ काही सुटला नव्हता.

उझ्मानं चिठ्ठी टेबलावर आपटली. "हात कोणता होता?"

"तिनंच सांगितलं, जेवता हात. मी उजवा लिहिला. दुनिया उजव्यानंच जेवते."

"तुमी हात पाहिला का?"

"ते बघायलाच तर डॉप्लरला पाठवलं ना?"

"तुमी हात लावून पाहिला का, डॉक्टर? थंड हुता. आंधळ्यालाबी कळला असता."

डॉक्टरचा चेहरा आंबला. मग तो जे बोलला, ते उझ्मा अजून शिव्यांसकट सांगते. तो म्हणाला, "चिठ्ठी अशी बदलता येत नसते. पेशंटला समोर आणा. तपासल्याशिवाय मी लिहून देणार नाही."

ज्याला काल मनगट धरवलं नाही, त्याला आज तपासायचं होतं! उझ्मानं ते स्टूल उचललं, टेबलाला भिडवलं आणि त्यावर बसली. "लिहून देईपर्यंत मी इथून उठत न्हाई. पेशंट नांदेडात पडून हाय, तिचा हात मरून राहिला." बाहेरचे लोक दारात जमले. कंपाउंडर समजवायला आला, तो तिचं तोंड बघून माघारी फिरला. दुपार कलल्यावर डॉक्टरनं 'उजवा' खोडला, वर 'डावा' लिहिलं, सही ठोकली आणि कागद तिच्या हातात न देता टेबलावरून सरकवला.

फॅक्सच्या दुकानातूनच तिनं कंपनीला फोन केला. "मिळाला मॅडम," तुपातला आवाज म्हणाला. "पण खाडाखोड आहे. आमच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. आता शनिवार, ते सोमवारी बसतात."

"साहेब, सोमवारी हात राहणार न्हाई!"

"नियम आहे, मॅडम."

देविदासनं रविवारी कसेबसे पैसे जमवून भरले. ऑपरेशन झालं, पण तोवर हात काळा पडला होता. कोपराच्या वरून कापावा लागला. धुरपताबाई शुद्धीवर आली तेव्हा तिनं आधी लेकाला विचारलं, "काहून रडून राहिला?" मग पांघरुणाखाली चाचपून पाहिलं.

महिनाभरानं उझ्माच्या काउंटरवरचा फोन वाजला. पुण्याचा तोच आवाज. "मॅडम, खुशखबर. धुरपताबाईंच्या डॉप्लरचं बिल मंजूर झालं."

"आता कसं झालं?" उझ्मानं विचारलं. "शंका हुती ना तुमाला? डावा का उजवा?"

"हो, पण हॉस्पिटलचे कागद आले ना. डावा हात कापल्याची त्यात स्पष्ट नोंद आहे. त्यामुळे तपासणी डाव्याचीच होती, हे सिद्ध झालं."