काहीतरी छोटं, पण घराचं

"काहीतरी छोटं दे. पण घराचं दे."

दर महिन्याच्या सुरुवातीला, दुपारी, रस्ता सुस्तावलेला असताना ती माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून हे म्हणायची. म्हणता म्हणता पर्समधून क्रेडिट कार्ड काढायची, पदराने दोन्ही बाजूंनी पुसायची आणि झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं काउंटरच्या काचेवर ठेवायची.

माझं दुकान हार्डवेअरचं, घाटकोपरला. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी ते टाकलं, ते गेल्यावर मी बसायला लागले. अजूनही नवं गिऱ्हाईक आत डोकावून "शेट नाहीत का?" असं विचारतं आणि मी रागाने "शेट मीच" म्हणते. हे तिने पहिल्याच दिवशी ऐकलं आणि त्या दिवसापासून मी तिची शेटाणी झाले.

आता तुम्हीच सांगा, एका कडीसाठी कोण कार्ड काढतं? हल्ली कोथिंबीरवालासुद्धा फोनवर पैसे घेतो. मी म्हटलं, "बाई, रोख दे, नाहीतर फोनवरून दे. कार्डाच्या मशीनचं भाडं मला परवडत नाही."

"कडीला दोन रुपये जास्त लाव. पण कार्डच घे. मला बँकेत माझं नाव सुधारायचंय."

शेवटी तिच्या एकटीसाठी मी मशीन घेतलं. नाव बिघडलं कसं, तेही तिनेच सांगितलं, स्टुलावर बसून, पाय हलवत. ती स्टेशनजवळच्या साड्यांच्या दुकानात विक्रीला होती. लग्न फार टिकलं नव्हतं, घरात ती आणि तिची आई. एके काळी तिच्याकडे तीन कार्डं होती आणि तिन्हींवर थकबाकी. लोकांना वाटायचं, आईचं ऑपरेशन असेल, नाहीतर नवऱ्याचा धंदा बुडाला असेल. ती ठामपणे मान हलवायची. "नाही गं. उगीच कशाला खोटं बोलू? मी हौशी होते. सगळ्या मैत्रिणींना घेऊन गोव्याला गेले. भाचीला पैठणी, आईला मसाजची खुर्ची. हॉटेलात बिल आलं की माझा हात सगळ्यांच्या आधी पुढे. किती छान वाटायचं माहितीये?"

दर महिन्याला बिलावरची सगळ्यात कमी रक्कम तेवढी भरायची आणि बाकीचं पुढे ढकलायचं, एका कार्डाचं दुसऱ्यातून भागवायचं, असं चालू राहिलं. व्याजावर व्याज चढत गेलं. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. ती फोन तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवायची. "आई भात लावायला गेली की तांदूळ थरथरायचे," ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. मलाही हसू यायचं.

शेवटी वसुलीवाल्याने तडजोड सुचवली. निम्मे भरा, बाकी सोडून देतो. तिने बांगड्या मोडल्या, पैसे भरले आणि पेढे वाटले. तिला वाटलं, सुटले. काही वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेली तेव्हा बँकेतल्या माणसाने स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवला. तिच्या नावापुढे तडजोडीची नोंद होती. घेतलेलं पुरतं फेडलं नाही, असाच बँकेच्या लेखी त्या नोंदीचा अर्थ. "आणि मी मूर्ख, पेढे वाटले!"

घर तिला का हवं होतं, ते सांगायलाच हवं, कारण बाकी सगळं त्याच्यासाठीच होतं. वडील विक्रोळीला कंपनीत होते, कंपनीच्याच क्वार्टरमध्ये हे लोक राहायचे. ते रिटायर झाले आणि क्वार्टर सुटली. मग भाड्याच्या खोल्या. दर अकरा महिन्यांनी नवा करार, पुष्कळदा नवीच खोली. वडील अशाच एका खोलीत गेले. आणि प्रत्येक घरमालकाची एक अट असायचीच, की भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

त्यामुळे वडिलांचा फ्रेम केलेला फोटो फ्रिजवर टेकवून ठेवलेला. फ्रिज जुना, सुरू झाला की थडथडायचा, आणि त्या हादऱ्याने फोटो हळूहळू फिरायचा. सकाळी दाराकडे तोंड करून ठेवलेले वडील संध्याकाळपर्यंत ओट्याकडे वळलेले असायचे. "बाबा परत स्वयंपाकघरात बघायला लागले," असं म्हणून ती त्यांना सरळ करायची.

"त्यांना एकदा भिंतीवर लावायचंय, शेटाणी. आपल्या भिंतीवर. आई आहे तोवर." एवढंच तिचं मागणं होतं. हे सांगताना तिने पाय हलवणं थांबवलं होतं.

मग ती कामाला लागली. सोडून दिलेले उरलेले पैसे भरायला ती आपण होऊन त्या बँकेत गेली. तिथल्या मुलीला काही कळेना. "मॅडम, तुमचं खातं बंद आहे. तुमच्याकडे आमचं काही मागणंच नाही. पैसे कशात घेऊ?" ही म्हणाली, "तुम्ही मागू नका हो, मी देतेय ना!" मॅनेजर आला, त्याला तर तिचाच संशय आला. पैसे घ्या म्हणून विनवण्या करत हिने कितीतरी हेलपाटे घातले, तेव्हा कुठे तिला पूर्ण फेडल्याचं पत्र मिळालं आणि ती नोंद बदलली. तिचा चेहरा त्या दिवशी इतका हलका दिसत होता की मी दुकान सोडून समोरून दोन चहा घेऊन आले.

दुसऱ्या एका बँकेने तिला थोडी ठेव ठेवून घेऊन, त्या ठेवीवर छोटंसं कार्ड दिलं होतं. त्याचा वापर कसा करायचा, तेही तिला कुणीतरी नीट समजावलं होतं. थोडंसंच वापरायचं, आणि तारखेच्या आधी सगळंच्या सगळं भरून टाकायचं. महिन्यामागून महिने, कंटाळा न करता. दुसऱ्या कुणी त्यावर साबण आणि चहापावडर घेतली असती. हिने घर घ्यायला सुरुवात केली, कडी-कोयंड्यापासून.

इथून पुढचं सांगताना मला स्वतःलाच गंमत वाटते. ती कडी हातात घ्यायची, डोळे अर्धवट मिटायची आणि माझ्या काउंटरसमोरच्या रिकाम्या हवेत दार लावून बघायची. "आत उघडतं की बाहेर?" मग तीच ठरवायची, आत. एका महिन्यात बिजागऱ्या, पुढच्या महिन्यात खिडकीचा स्टॉपर. "खिडकीतून झाड दिसतं," ती सांगायची. "कसलं ते अजून कळत नाहीये. पानं लांब लांब आहेत." दुपारचं ऊन शटरखालून आत येऊन तिच्या पायांशी पडलेलं असायचं. शपथेवर सांगते, एकदोनदा मलाही ते झाड दिसलं.

पुढे पुढे मीही त्या घरात शिरले. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं लावू नको, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागेल, म्हणून भांडले. एकदा नळ घ्यायला आलेला आमचा नेहमीचा प्लंबर मध्ये पडला. मोरीचा उतार कुठल्या बाजूला द्यायचा यावर तो तिच्याशी वाद घालत बसला, काउंटरवर पेन्सिलने आकृती काढून, चांगला तावातावाने. मग खिशातून टेप काढत म्हणाला, "चला ना ताई, माप घेऊन टाकू. बिल्डिंग कुठली?"

"अजून नाहीये रे."

तो बिचारा तिच्याकडे बघतच राहिला. "नाहीये? मग उतार डावीकडेच द्या," म्हणाला आणि टेप खिशात ठेवून निघून गेला.

सामान ती पत्र्याच्या पेटीत ठेवायची. खोली बदलताना टेम्पोवाल्याने ती उचलली आणि त्याची कंबर लचकायची वेळ आली. "काय भरलंय यात?" ही म्हणाली, "घर आहे. सांभाळून."

मध्ये एकदा कर्जाला नकार आला. नाव सुधारत होतं, पण अजून पुरेसं नव्हतं. त्या महिन्यात ती आली आणि स्टुलावर बसली, कार्ड पर्समध्येच राहिलं. मी आपणहून एक छोटा हुक तिच्यापुढे ठेवला. तिने तो बराच वेळ बोटांत फिरवला, मग कार्ड पुसलं. त्याच सुमारास तिला नव्या कार्डांचे फोन यायला लागले होते. मॅडम, लिमिट वाढवून देतो, मॅडम, फुकट देतो. "आता परत फोन तांदळात," ती म्हणाली. "तेव्हा मागायला करायचे, आता द्यायला करतात. मला दोघांचीही सारखीच भीती वाटते."

खिळे मात्र तिने कधी घेतले नाहीत. मी दोनदा पुढे केले तर हात मागे घेतला. "ते शेवटी."

आणि एका दुपारी ती पायरीवर न थांबता सरळ आत आली. कर्ज मंजूर झालं होतं. घाटकोपर-विक्रोळीत नव्हे, ते कुठलं परवडायला. पार वांगणीकडे, छोटी एक खोली आणि स्वयंपाकघर. तिकडेच एका दुकानात कामही बघितलं होतं. मी आनंदाने ओरडले, तिला मिठी मारली, आणि त्याच मिठीत माझ्या लक्षात आलं की आता ही येणार नाही. मला रडू आलं. दुकानात रडायची मला सवय नाही.

तिने खिळ्यांचा ट्रे मागितला. काँक्रीटमध्ये जाणाऱ्या जाड खिळ्यांतला एक उचलला, उजेडात धरून सरळ आहे का बघितलं, ठेवला, दुसरा उचलला. असं करत करत एक पसंत केला.

"राहू दे गं, माझ्याकडून," मी म्हटलं.

"नाही. आणि कार्डही नाही. हा रोख." तिने नाणं काचेवर ठेवलं.

"एकच? वाकला तर?"

"तर दुसरा घ्यायला येईन. तुझ्याकडेच."

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. बिल्डरने कड्या, नळ, बिजागऱ्या, सगळं लावूनच दिलं होतं. पेटीतलं बहुतेक तसंच राहिलं होतं. "आणि ऐक ना शेटाणी, दार बाहेर उघडतं!" ती इतकी हसत होती की मला पुढचं नीट ऐकू येईना. खिडकीतून झाड दिसतं का, हे विचारायचं मी विसरले.

मग तिने एक फोटो पाठवला. पांढरी भिंत, तिच्यात एक खिळा, आणि खिळ्यावर काहीच नाही. मी लगेच फोन लावला. "अगं, बाबा कुठायत?"

"फ्रिजवर." ती म्हणाली. "आई लावू देत नाही. म्हणते, राहू दे त्यांना तिथंच. भिंतीवर ठोकले की एकीकडेच बघत बसतील. तिथून ओट्याशी माझ्याकडे वळतात तरी."

एवढी वर्षं, एवढे हेलपाटे, त्या एका खिळ्यासाठी. "मग खिळा काढून टाकलास?"

"काढू कशाला?" ती म्हणाली. "माझी भिंत आहे."

त्याला आता बराच काळ झाला. कार्डाचं मशीन मी परत केलं नाही, भाडं भरते, तसंच काउंटरवर पडून असतं. महिन्याच्या सुरुवातीला, दुपारी, माझी नजर अजूनही पायरीकडे जाते. तिथे कुणी नसतं. खिळा वाकला नाही, असं स्वतःशी म्हणते आणि पंखा वाढवते.