पायाखाली पट्टा धरून वाचलेलं पुस्तक

बूथचं दार बंद झालं आणि पहिलं वाक्य वाचायच्या आधीच संगीता खुर्चीवरून उठली. काचेतून मला तिचा हात दिसत होता. तो दाराचं हँडल चाचपत होता. मी धावत जाऊन दार उघडलं. ती बाहेर आली, घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, मला वाटलं व्हतं जमंल."

मी ऑडिओबुक डायरेक्ट करते. म्हणजे कुणी पुस्तक मोठ्यानं वाचत असताना काचेच्या अलीकडे बसून ऐकायचं. चुकलं तर थांबवायचं, परत वाचून घ्यायचं. आमचा स्टुडिओ नेरूळला आहे, एका कमर्शियल बिल्डिंगमध्ये. बूथ म्हणजे त्यातली फोम लावलेली छोटी खोली. खिडकी नाही. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दार जाड आणि लॅच घट्ट.

संगीता नेरूळजवळच्याच करावे गावची. कॉलेजात असताना ओळखीच्याच एका माणसानं 'तुझ्या बाबांना अपघात झालाय' म्हणून तिला गाडीत बसवलं आणि उलव्याच्या एका अर्धवट बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये कोंडलं. त्याला तिच्याशी लग्न करायचं होतं. तिनं आधीच नाही म्हटलं होतं. पुढे ती स्वतःच्या हिमतीवर सुटली, केस उभी राहिली, त्याला शिक्षा झाली. आता तिशी ओलांडल्यावर तिनं त्यावर पुस्तक लिहिलं होतं. ऑडिओबुकची गोष्ट निघाली तेव्हा तिची एकच अट होती. वाचणार तीच.

आम्ही आधी दार उघडं ठेवून पाहिलं. आमचा रेकॉर्डिस्ट फरहान हेडफोन लावून बसला आणि दोन मिनिटांत मान हलवू लागला. एसीची घरघर येत होती. एसी बंद केला, तर रस्त्यावरचे डंपर ऐकू यायला लागले. मग मी तिच्यासोबत आत बसले आणि दार लावलं. ती पानभर वाचून थांबली.

"तुमी हायत, बरं वाटतं," ती म्हणाली. "पन दार बंदच हाय ना."

दुपारी ऑडिओबुक काढणाऱ्या कंपनीच्या प्रोड्यूसरचा, निखिलचा, फोन आला.

"मॅडम, मी पहिल्यापासून सांगतोय, व्हॉइस आर्टिस्ट घ्या. एका ॲक्ट्रेसचं सॅम्पल पाठवलंय, ऐका. शिवाय यांचा ॲक्सेंट. 'आणि'ला 'आनि' म्हणतात."

"तिच्या घरात 'आनि'च म्हणतात."

"लोकांना थ्रिलर हवाय मॅडम. थोडं म्युझिक, थोडं टेन्शन. या किती सपाट वाचतात!"

सॅम्पल मी संगीतापासून लपवून ऐकणार नव्हते. तिच्यासमोरच लावलं. कोंडल्यानंतरच्या पहिल्या रात्रीचं प्रकरण होतं. ॲक्ट्रेसचा आवाज उत्तम होता. थरथरत होता, मध्येच हुंदका होता, शेवटी जवळजवळ किंकाळी.

संगीतानं शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगली वाचते," ती म्हणाली. "पन ही रडतेय. मी रडले नव्हते ताई. रडले असते तर त्याला भिंतीपलीकडं ऐकू गेलं असतं. मी घाबरले हे त्याला दाखवायचंच नव्हतं."

मग ती उठून बूथच्या दाराशी गेली. लॅच खालीवर करून बघितला.

"हे काढता येतं का?"

"येईल," फरहान म्हणाला, "पण मग दार घट्ट बसणार नाही. फट राहील."

"आतून कुनी ओढून धरलं तर?"

फरहाननं थोडा विचार केला आणि स्क्रूड्रायव्हर आणला. लॅच काढला. चौकटीला रबराची पट्टी चिकटवली. दाराला आतून माइक स्टँडच्या बॅगेचा जाड पट्टा बांधला. संगीतानं तो ओढून खुर्चीच्या पायाखालून घेतला, टोक आपल्या टाचेखाली दाबलं. दार रबरावर गच्च बसलं. टाच उचलली की दार आपोआप सैल व्हायचं. दोनतीनदा तिनं ते करून पाहिलं. सैल, घट्ट, सैल. मग म्हणाली, "आता दार मी लावलंय. लावा तुमचं रेकॉर्डिंग."

सोपं गेलं नाही. अवघड पान आलं की तिचा पाय उचलला जायचा आणि रेकॉर्डिंगमध्ये एसीची घरघर शिरायची. मग पंच-इन करायचं. म्हणजे बिघडलेल्या वाक्याच्या आधीपासून परत वाचायचं आणि तिथून जोडून घ्यायचं. मी दर वेळी विचारायचे, "आज थांबू या?" ती पाणी प्यायची आणि पाय परत पट्ट्यावर ठेवायची.

सुटकेचं प्रकरण मात्र तिनं कुठेही न अडखळता वाचलं. तिनं दिवसेंदिवस मुकाट राहून त्याला भरवसा वाटू दिला होता. एका सकाळी तो कडी न लावता खाली गेला. ती जिना उतरली, कामगारांच्या समोरून गेली, पण धावली नाही. धावणाऱ्या मुलीला लोक अडवून विचारतात, आणि विचारणारा त्याच्या ओळखीचा निघाला तर? मेन रोडला भाजी घेणाऱ्या बायकांच्या घोळक्यात शिरली, तिथं पहिल्यांदा ती थांबली. हे सगळं ती दूध आणायला गेल्यासारखं वाचत होती.

तेच प्रकरण मी निखिलला पाठवलं. म्युझिक नाही, काही नाही. सोबत लिहिलं, "ॲक्ट्रेसचं सॅम्पल आणि हे, दोन्ही ओळीनं ऐका. मग ठरवा."

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, म्युझिक नको."

"आणि ॲक्सेंट?"

"राहू दे."

पुस्तक तसंच निघालं. काही लोकांनी 'भावना कमी पडल्या' असं लिहिलं. संगीतानं ते वाचून मला फोन केला आणि मनापासून हसली.

आता मला लोक विचारतात, लेखकानं स्वतःचं पुस्तक स्वतः वाचावं का? माझं उत्तर आहे, शक्यतो नको. बहुतेक लेखक फार वाईट वाचतात. पण जे घडलं ते ज्याच्या बाबतीत घडलंय, त्याला आवाज कसा हवा हे आधी विचारून घ्यावं. सॅम्पल मागवण्याचा वेळ वाचतो.