जोगळेकर सरांचं शून्य

जोगळेकर सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात, पण मग दुसरं काय लिहू?

भोपाळला आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत मी हिंदी शिकवायला रुजू झाले, तेव्हा माझी मुग्धा नववीत सरांकडे फिजिक्स शिकत होती. मैदानाला पूर्ण फेरी मारणाऱ्या मुलाचा सरासरी वेग काढा, असा प्रश्न परीक्षेत होता. तिनं फेरीचं अंतर घेतलं, वेळेनं भागलं आणि उत्तर लिहिलं. सरांनी एकही गुण दिला नाही. पोर रडून जेवलीसुद्धा नाही, म्हणून मी तणतणत त्यांच्या वर्गावर गेले.

"सर, निदान भागाकार तरी बरोबर आहे ना?"

"मॅडम, मैदानाला एक चक्कर मारून या," सर शांतपणे म्हणाले.

साडी सावरत, मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी खरंच गेले. धापा टाकत वर्गाच्या दारात परतले, तर सरांनी मुलांना विचारलं, "मैडम कहाँ पहुँचीं?"

"वहीं, सर, जहाँ से चली थीं."

"तो विस्थापन?"

"ज़ीरो, सर."

"अंतरावरून चाल निघते; वेग निघतो विस्थापनावरून, म्हणजे निघालात तिथून सरळ रेषेत किती लांब पोहोचलात त्यावरून. आता या शून्याला मिनिटांनी भागा नाहीतर तासांनी, मॅडम. वेग शून्यच."

गुण वाढवले नाहीतच. मात्र त्याच संध्याकाळी ते आमच्या क्वार्टरवर आले, फरशीवर खडूनं शाळा आणि घर काढलं आणि मुग्धा हसेपर्यंत उठले नाहीत. पुढे वर्षभर येत राहिले. आज ती स्वतः फिजिक्स शिकवते आणि मेली तीही गुण देत नाही.

निवृत्तीनंतर सर भोपाळमध्येच अरेरा कॉलनीत फ्लॅट घेऊन राहायला गेले, पण स्वभाव तोच. कुणी सकाळच्या फिरण्याची बढाई मारली, की विचारणार, "आणि पोहोचता कुठे?" या माणसानं आम्हाला आयुष्यभर वैताग दिला. आता पंच्याहत्तरीला तर कहर केलाय. फ्लॅट विकायला काढून वहिनींसह कायमचे पुण्याला मुलाकडे निघालेत. मला फोनवर म्हणतात, "मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा माझं विस्थापन होतंय." मी रागानं फोन ठेवून दिला. मग बसून रडले.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पुण्याला खुशाल जावं, नातवंडांत रमावं. पण फ्लॅट विकू नये आणि परत इथेच यावं. सरासरी वेग शून्य येईल, येऊ दे. पैकीच्या पैकी गुण मी देईन.