सहावरचा लाल ठिपका

त्या माणसाचा राग मला अजून येतो. कल्याणच्या बाजारात जुने रेडिओ दुरुस्त करणारा म्हातारा; नाव मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. माझ्या गिटारच्या ॲम्पचे काचेचे वॉल्व्ह दोनदा बदलूनही आवाज मेलेलाच, म्हणून गिटार, ॲम्प आणि वॉल्व्हचा तिसरा महागडा सेट घेऊन गेलेलो. त्याने तो खोक्यातून काढलासुद्धा नाही. बसवलेल्याच एकेका वॉल्व्हवर पेन्सिलीने टकटक करत, कान लावून ऐकत बसला. मी भराभर वाजवून दाखवायला लागलो, तर खेकसला, "एकच तार छेडा. विरेपर्यंत हात लावू नका."

मग विचारलं, "घरी आवाज कितीवर ठेवता?"

"दोनवर. वाढवला की सोसायटीवाले बेल वाजवतात."

त्याने बटण सहावर नेलं. त्या एका तारेने गाळ्याचं शटर थरथरलं.

"वॉल्व्ह ठणठणीत आहेत. तोंड तुम्ही दाबून धरलंय," म्हणत त्याने सहावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. "इथवर न्यायची हिंमत नसेल, तर विकून टाका."

घोडबंदरला, बाराव्या मजल्यावरच्या माझ्या घरी, तो ठिपका मला रोज शिव्या घालतो. बटण दोनवरच आहे.