ताकसांडे म्हणजे कोण, हे आत्या सगळ्यांना विचारायची

माझी आत्या मंगळवारी गेली, आणि आमच्यापैकी ताक नेमकं कोणी सांडलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

हसा. आमचं आडनाव ताकसांडे आहे, आम्हाला सवय आहे.

शांताआत्या, माझ्या बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा तिने समुद्रपूरजवळच्या जाम गावच्या चौकात चहाची टपरी टाकली. नागपूर, चंद्रपूर, हैदराबाद, सगळीकडच्या गाड्या तिथे थांबतात.

विषय सुरू झाला माझ्या धाकट्या भावामुळे.

अमोल पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर त्याचं नाव पडलं 'मठ्ठा'. तो प्रेझेंटेशनला उभा राहिला की मागून कोणीतरी ग्लास सांडल्याचा आवाज काढायचं.

दिवाळीत आर्वीला घरी आला आणि जेवताना म्हणाला, "मी आडनाव बदलतोय. गॅझेटमध्ये देतो."

आईने आत्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आत्या दारात. टपरी बंद ठेवून!

"काऊन बदलून राह्यला बाबू?"

"लोक हसतात आत्या."

"मले बी हसत शाळेत. बदलाचं तं बदल, मी नाई म्हनत नाई. पन फेकाच्या आंधी काय फेकून राह्यलो ते तं पाहून घे."

"काय पाहायचंय त्यात? कोणीतरी ताक सांडलं, झालं."

"कोनं सांडलं? काऊन सांडलं? थोडा टाइम दे. मी इचारीन."

आणि तिने विचारलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला. चहाचा कप हातात देतानाच, "आडनाव काय जी तुमचं?"

समुद्रपूरकडचे एक म्हातारे ताकसांडेच निघाले. ते म्हणाले, आपला एक पूर्वज वावरात ताकाचं मडकं नेताना धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून घसरला, तेव्हापासून गावाने नाव ठेवलं.

आत्याला पटलं नाही. "एक डाव पडला म्हून पोराईच्या पोराईलेबी तेच नाव? गावाले दुसरं काम नोयतं काय?"

मग एक महानुभाव बाबा, बस चुकली म्हणून बाकावर टेकलेले. त्यांनी सांगितलं, आमच्या जुन्या पोथ्यांमध्ये सांडणे म्हणजे सोडून देणे, त्याग करणे.

मला लगेच फोन. "आपून धांदरट नाई वं पोरी! आपून त्यागी!"

संध्याकाळी पुन्हा फोन. "पन ताक कोन सोडते? दारू सोडली असती तं समजलं असतं."

आणि मग यवतमाळकडची एक बाई. तीसुद्धा माहेरची ताकसांडे. तिने जे सांगितलं ते आत्याने फोनवर कोणालाच सांगितलं नाही. उन्हाळ्यात अमोल आला तेव्हा आम्हा दोघांना टपरीवर बोलावून घेतलं.

त्या बाईची आजी सांगायची, आपली माणसं ताक मागायला गेली की त्यांना भांड्यात देत नसत. वरून ओतायचे, ओंजळीत. तोंडात गेलं तेवढं आपलं. बाकीचं मातीत.

आणि सांडलं म्हणून नाव पडलं ते मात्र आपलं.

अमोलचा चेहरा लाल झाला. "मग तर बदलायलाच पाहिजे. असा अपमान मी का मिरवू?"

आत्याने हातातला ग्लास विसळून उपडा ठेवला.

"हे बी खरं हाय का नाई, मले माहीत नाई. तिच्या आजीले माहीत. पन बाबू, आपल्या लोकाईनं छप्पन साली धर्म बदलला, तो समजून बदलला. लाजून नाई. तुले बदलाचं तं तू बी समजून बदल. लाजून नको बदलू."

अमोल चहा तसाच ठेवून उठला.

त्याच उन्हाळ्यात आत्याने टपरीवर ताक ठेवायला सुरुवात केली. पेंटरकडून बोर्ड करून घेतला, 'शांताबाई ताकसांडे यांचं थंड ताक'.

सासरचे नाराज. दीर येऊन म्हणाले, "वहिनी, आमचं नाव टाकाचं सोडून हे माह्यरचं काऊन?"

"तुमच्या नावानं कोनी गाडी थांबवत नाई भाऊजी."

आणि खरंच, त्या बोर्डासमोर गाड्या थांबायला लागल्या. लोक हसत उतरायचे, सेल्फी काढायचे, ताक पिऊन जायचे. आणि अधूनमधून एखादं कुटुंब बोर्डाकडे बघत अवघडून उभं राहायचं. ते ताकसांडे असायचे!

मग मला व्हॉइस नोट. "हिंगनघाटकडचे तं लय हायेत वं. वर्ध्याचे बी. यवतमाळ, चंद्रपूर थोडे थोडे. पुन्या-मुंबईचे जे भेटले ते सारे इथूनच गेलेले. आपून या वर्धा नदीच्या आजूबाजूचेच दिसतो."

एक जण हैदराबादला नोकरीला होता. तिकडे त्याला 'टकसंडे' म्हणतात आणि कोणीच हसत नाही, कारण अर्थच कळत नाही. आत्या म्हणाली, "मंग मजा काय त्यात?"

अमोलने पुढे काय केलं, आम्हाला माहीत नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती. नोकरी लागली तेव्हा त्याने फॅमिली ग्रुपवर ऑफिसच्या आयडी कार्डचा फोटो टाकला.

अमोल ताकसांडे.

आत्याने लिहिलं, "बदललं नाई?"

त्याने लिहिलं, "समजून ठेवलं."

मंगळवारी दुपारी टपरीवरच तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अंत्ययात्रेला आमच्या ओळखीची नसलेली कितीतरी माणसं आली. वणीचे एक ताकसांडे काका बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाईनं मले एकदा इचारलं होतं. तवा सांगता आलं नाई. घरी जाऊन म्हाताऱ्याले इचारलं, तं तो काही येगळंच सांगते."

बाबांनी डोळे पुसले. त्यांना बाजूला झाडाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "बसा. नीट सांगा."

दोघं बराच वेळ बोलत होते.

आत्या, तुझं विचारणं संपलेलं नाही. तू आता निवांत राह्य.

जाय आत्या, सुखानं जाय. आम्हा सगळ्या ताकसांड्यांचा तुला जय भीम.